वर्चस्व पचते, संशय पचत नाही

भिवंडी : फॉर्म्युला वन मोटार शर्यतींच्या २०२५ च्या हंगामाचा निकाल ७ डिसेंबर रोजी अबुधाबीत लागला आणि मॅक्लारेनचा लँडो नॉरिस अवघ्या दोन गुणांनी जगज्जेता ठरला. त्याचे ४२३ गुण, रेड बुलच्या मॅक्स व्हर्स्टापेनचे ४२१ आणि मॅक्लारेनच्याच ऑस्कर पियास्ट्रीचे ४१०. संघांच्या विजेतेपदाचा प्रश्न मात्र त्याआधी दोन महिने, ५ ऑक्टोबर रोजी सिंगापूरमध्येच सुटला होता. सहा शर्यती शिल्लक असताना मॅक्लारेनने ते सलग दुसऱ्यांदा पटकावले. चालकांमध्ये अखेरच्या शर्यतीपर्यंत चुरस आणि संघांमध्ये एकाचीच निर्विवाद सद्दी, असे हे दुहेरी चित्र होते.

एवढी चुरस होऊनही चाहते समाधानी झाले, असे म्हणता येत नाही. ऑक्टोबरमध्ये मेक्सिको सिटीची शर्यत जिंकलेल्या नॉरिसची तेथील प्रेक्षकांच्या एका गटाने हुर्यो उडवली. त्यामागे सप्टेंबरमधील मोंझाच्या शर्यतीचे निमित्त होते. तेथे पिटस्टॉपमध्ये नॉरिसच्या गाडीचे चाक बदलण्यास विलंब झाला, पियास्ट्री पुढे गेला आणि संघाने त्याला ती जागा नॉरिसला परत देण्यास सांगितले. हा न्याय की पक्षपात, यावर जगभरचे चाहते दुभंगले. युरोपातील बहुतेक शर्यती भारतीय वेळेनुसार रविवारी सायंकाळी साडेसहाला सुरू होतात. त्या वेळी पडद्यासमोर बसणारे ठाणे-कल्याण-भिवंडीतील चाहतेही या वादापासून दूर नाहीत.

एकाच संघाने वर्षानुवर्षे जिंकत राहावे, हे खेळाच्या मुळावर येते काय, हा प्रश्न अशा वेळी हमखास विचारला जातो. गेल्या चार दशकांचा इतिहास तपासला तर उत्तर थोडे वेगळे मिळते. सर्वांत वेगवान गाडी जिंकत राहिली तर चाहता कंटाळतो, पण ती पराजयाची सल तो पचवतो. निकाल रस्त्याऐवजी कार्यालयात ठरला, अशी शंका आली की मात्र तो बिथरतो. संघांमधील वैर विकोपाला जाण्याचे प्रसंग पाहिले तर त्यांच्या मुळाशी बहुतेक वेळा हीच शंका आढळते.

लाल गाडीचे पर्व

आजच्या तिशी-चाळिशीतील मराठी वाचकाला या खेळाची ओळख झाली ती मायकेल शूमाकरच्या लाल फेरारीमुळे. २००० ते २००४ अशी सलग पाच वर्षे तो जगज्जेता होता आणि १९९९ पासून सलग सहा वर्षे संघांचे विजेतेपद फेरारीकडे होते. २००२ साली तर कहरच झाला. १७ पैकी १५ शर्यती फेरारीने जिंकल्या. शूमाकर सतराच्या सतरा शर्यतींत पहिल्या तिघांत राहिला आणि सहा शर्यती बाकी असताना, जुलैमध्येच, जगज्जेता झाला. त्या वर्षी फेरारीचे गुण होते २२१. उरलेल्या सर्व संघांच्या गुणांची बेरीजही नेमकी २२१ भरली. एका बाजूला एक संघ आणि दुसऱ्या बाजूला अख्खे मैदान, अशी तुलना क्वचितच इतकी तंतोतंत जुळते.

याच वर्षी या लाल रंगाचे मुंबईशी नाते जडले. सचिन तेंडुलकरने डॉन ब्रॅडमन यांच्या २९ कसोटी शतकांशी बरोबरी केली, म्हणून फियाटतर्फे त्याला फेरारी ३६० मॉडेना गाडी देण्यात आली आणि ती सिल्व्हरस्टोनमध्ये खुद्द शूमाकरच्या हस्ते प्रदान झाली. पुढे या गाडीवरील एक कोटी रुपयांहून अधिक सीमाशुल्काच्या माफीवरून वादंग माजले, प्रकरण न्यायालयात गेले आणि अखेर ते शुल्क फियाटने भरले. सचिनवरील लोकांच्या प्रेमाला या प्रकरणाने धक्का लागला नाही. त्याच्यासाठी नियम वाकवला जातो आहे, हे मात्र त्याच्याच चाहत्यांपैकी अनेकांना रुचले नाही.

शर्यतीच्या मैदानावरही तेव्हा तेच घडत होते. १२ मे २००२ रोजी ऑस्ट्रियात फेरारीचाच रुबेन्स बॅरिकेलो सुरुवातीपासून आघाडीवर होता. संघाच्या आदेशावरून त्याने अंतिम रेषेच्या तोंडाशी वेग कमी केला आणि शूमाकरला विजय बहाल केला. प्रेक्षकांनी एकच गिल्ला केला. ओशाळलेल्या शूमाकरने बक्षीस समारंभात बॅरिकेलोला सर्वांत वरच्या पायरीवर उभे केले. शिष्टाचाराच्या या भंगाबद्दल फेरारीला दहा लाख डॉलरचा दंड झाला. हंगाम संपल्यावर निकालावर परिणाम करणाऱ्या संघादेशांवर बंदी आली.

येथे एक बाब ध्यानात घेतली पाहिजे. त्या हंगामात फेरारीने पंधरा शर्यती जिंकल्या, पण लोकांच्या स्मरणात हुर्यो राहिली ती त्या एका दुपारची. उरलेल्या चौदा विजयांचा लोकांना कंटाळा आला असेल, त्यांची चीड मात्र आली नव्हती.

सद्दी बदलते, तक्रार बदलत नाही

फेरारीची घोडदौड रोखण्यासाठी नियमांत फेरफार झाले. २००३ पासून पहिल्या आठ क्रमांकांना गुण मिळू लागले. २००५ मध्ये संपूर्ण शर्यत एकाच टायरसंचावर पूर्ण करण्याचा नियम आला आणि फेरारीला वर्षभरात एकच विजय मिळाला. तोही इंडियानापोलिसच्या त्या कुप्रसिद्ध शर्यतीत, जिथे मिशेलिनचे टायर असुरक्षित ठरल्याने चौदा गाड्या माघारी फिरल्या आणि अवघ्या सहा गाड्या धावल्या. संतप्त प्रेक्षकांनी मैदानात बाटल्या फेकल्या. योगायोग असा, की याच शर्यतीत जॉर्डन संघाच्या नारायण कार्तिकेयनने चौथा क्रमांक मिळवून भारतीयाचे पहिले गुण नोंदवले.

नंतरच्या काळात सद्दीचे रंग बदलत गेले. २०१० ते २०१३ अशी चार वर्षे रेड बुल आणि सेबॅस्टियन व्हेटेल यांची होती. २०१४ ते २०२१ अशी सलग आठ वर्षे संघांचे विजेतेपद मर्सिडिजने सोडले नाही. हा आजही विक्रम आहे. त्यानंतर पुन्हा रेड बुल आला आणि २०२३ मध्ये त्याने २२ पैकी २१ शर्यती जिंकल्या. सिंगापूरची एकच शर्यत फेरारीच्या कार्लोस साइन्झने हिरावून घेतली. १९८८ मध्ये आयर्टन सेना आणि अ‍ॅलन प्रॉस्ट यांच्या मॅक्लारेनने १६ पैकी १५ शर्यती जिंकल्या होत्या. तेव्हाही एकच, मोंझाची शर्यत निसटली होती. ती फेरारीने जिंकली, तेव्हा संस्थापक एन्झो फेरारी यांच्या निधनाला महिनाही झाला नव्हता. इटलीतील प्रेक्षक तो एक विजय आजही आठवतात. वर्चस्वामुळे पराभूतांच्या एखाद्या विजयाचे मोल असे वाढते.

यातील प्रत्येक सद्दीचे कारण वेगळे होते. फेरारीपाशी पैसा, स्वतःचे चाचणी मैदान आणि ब्रिजस्टोनचे खास टायर होते. २०१४ मध्ये हायब्रिड इंजिनांचा नियम आला, तेव्हा मर्सिडिजची तयारी इतरांपेक्षा कितीतरी पुढे होती. २०२२ मध्ये गाडीच्या तळाखालून वाहणाऱ्या हवेचा उपयोग करणारी रचना आली आणि रेड बुलच्या अभियंत्यांनी ती सर्वांत आधी आत्मसात केली. म्हणजे नियम बदलले की सद्दी मोडते आणि त्याच नव्या नियमांतून पुढची सद्दी जन्मते. नियमबदल हा वर्चस्वावरचा उतारा असल्याचा समज त्यामुळे अर्धाच खरा ठरतो.

खरा उतारा पैशात

अधिक टिकाऊ परिणाम दिसला तो खर्चाच्या मर्यादेचा. २०२१ पासून प्रत्येक संघाच्या वार्षिक खर्चावर १४.५ कोटी डॉलरची मूळ मर्यादा घालण्यात आली. तिच्या जोडीला विंड टनेलमधील चाचण्यांची उतरती वाटणी आली. आदल्या वर्षीच्या विजेत्या संघाला ठरावीक वेळेच्या ७० टक्के, तर दहाव्या क्रमांकाच्या संघाला ११५ टक्के वेळ मिळू लागला. जो पुढे, त्याला अभ्यासाला वेळ कमी, असे हे साधे सूत्र आहे.

त्याचे फळ दिसायला तीन वर्षे लागली. २०२३ मध्ये एका संघाने २१ शर्यती जिंकल्या. लगेच २०२४ मध्ये सात वेगवेगळ्या चालकांनी प्रत्येकी दोन किंवा त्याहून अधिक शर्यती जिंकल्या आणि संघांचे विजेतेपद मॅक्लारेनने फेरारीला अवघ्या १४ गुणांनी मागे टाकून मिळवले. मॅक्लारेनचे हे १९९८ नंतरचे पहिलेच सांघिक विजेतेपद होते.

अर्थात, मर्यादा घालणे सोपे, ती सर्वांना सारखी लावणे कठीण. २०२१ च्या हंगामात रेड बुलने ही मर्यादा ओलांडल्याचे २०२२ मध्ये निष्पन्न झाले. त्याबद्दल ७० लाख डॉलर दंड आणि चाचण्यांच्या वेळेत दहा टक्के कपात, अशी शिक्षा झाली. त्यानंतरच्याच वर्षी या संघाने २२ पैकी २१ शर्यती जिंकल्या. शिक्षा पुरेशी होती का, हा वाद त्यामुळे आजही शमलेला नाही. रेड बुलचा चाहता म्हणतो, गाडी उत्तम होती म्हणून जिंकलो. इतरांचा चाहता म्हणतो, तिची पायाभरणीच जादा पैशाने झाली होती.

वैराची सीमारेषा

२०२१ चा शेवट ही या वैराची परिसीमा होती. १२ डिसेंबर रोजी अबुधाबीत लुईस हॅमिल्टन आणि व्हर्स्टापेन समसमान ३६९.५ गुणांवर शर्यतीत उतरले. अखेरच्या काही फेऱ्या उरल्या असताना निकोलस लतिफीची गाडी भिंतीवर आदळली आणि सेफ्टी कार मैदानात आली. शर्यत संचालक मायकेल मासी यांनी एक फेरी मागे असलेल्या सर्व गाड्यांऐवजी फक्त या दोघांमधील पाच गाड्यांना पुढे जाऊ दिले. एका फेरीसाठी शर्यत पुन्हा सुरू झाली आणि नव्या टायरवरील व्हर्स्टापेनने हॅमिल्टनला मागे टाकले. पुढे मासी यांना त्या पदावरून हटवण्यात आले. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या अहवालाने मानवी चूक मान्य केली, मात्र निकाल कायम ठेवला.

या सगळ्यात ज्याचा काडीचाही स्वार्थ नव्हता, त्या लतिफीला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या आणि त्याला अंगरक्षक ठेवावे लागले. त्याच वर्षी जुलैमध्ये सिल्व्हरस्टोनला या दोन गाड्यांची टक्कर झाल्यानंतर हॅमिल्टनवर वर्णद्वेषी शेरेबाजीचा भडिमार झाला होता. महासंघ, फॉर्म्युला वन आणि मर्सिडिज या तिघांना मिळून त्याचा जाहीर निषेध करावा लागला. एका निर्णयाविषयीचा संशय माणसांच्या द्वेषात कसा रूपांतरित होतो, याचे हे वर्ष ठळक उदाहरण आहे.

याउलट २०१३ मध्ये व्हेटेलने ओळीने नऊ शर्यती जिंकल्या. मोंझा आणि सिंगापूरमध्ये त्याचीही हुर्यो उडवली गेली, पण ती तेवढ्यावरच थांबली. त्याचा वेग खरा आहे, याविषयी विरोधकांनाही शंका नव्हती.

माळावरचा अनुभव

भिवंडीच्या वाचकाला हे सारे परके वाटण्याचे कारण नाही. ठाणे-रायगड पट्ट्यातील गावांना बैलगाडा शर्यतींचा नाद जुना आहे. येथील बिनजोड शर्यतीत दोनच गाड्या समोरासमोर पळतात आणि बैलजोडीच्या मालकाबरोबर अख्ख्या गावाची इभ्रत पणाला लागते. सतत जिंकणारी जोडी कोणाची, तिला हरवणार कोण, यावर पारावर तासन् तास चर्चा झडतात. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी या शर्यतींवर बंदी आणली, १६ डिसेंबर २०२१ रोजी सशर्त परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला.

या माळावरही अनुभव तोच आहे. वर्षानुवर्षे जिंकणाऱ्या जोडीला लोक नावाजतात, तिच्या दर्शनाला गर्दी करतात. भांडण पेटते ते झेंडा लवकर पडला, रेषेवरचा निकाल चुकीचा दिला, अशा कारणांवरून. नोव्हेंबर २०२२ मध्ये अंबरनाथला शर्यतीच्या वादातून गोळीबारापर्यंत मजल गेली. अबुधाबीत कोट्यवधी डॉलरचा कॅमेरा असतो आणि माळावर पंचाची नजर असते; पण दोन्हीकडे प्रेक्षकाची अपेक्षा एकच असते. नियम सर्वांना आधी सांगावेत आणि ते सर्वांना सारखे लागू व्हावेत.

उसने संघ, उसने वैर

भारतीय चाहत्याची आणखी एक अडचण आहे. त्याला स्वतःचा संघ नाही आणि घरची शर्यतही नाही. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर ३० ऑक्टोबर २०११ रोजी पहिली भारतीय ग्रां प्री झाली, तेव्हा शर्यत संपल्याचा चौकटीचा झेंडा सचिन तेंडुलकरने दाखवला. २०११, २०१२ आणि २०१३ अशा तिन्ही शर्यती व्हेटेलनेच जिंकल्या. तिसऱ्या वेळी, २७ ऑक्टोबर २०१३ रोजी, त्याचे चौथे जगज्जेतेपद भारतीय भूमीवरच निश्चित झाले. त्यानंतर ही शर्यत भारतात पुन्हा झाली नाही. एका संघाच्या वर्चस्वाला कंटाळून ती बंद पडली, असे कोणी म्हणणार नाही. करमणूक कराचा वाद पहिल्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयात पोहोचला होता. हा खेळ की करमणूक, याचाच निर्णय होत नव्हता. फॉर्म्युला वनच्या येथील उत्पन्नावर भारतात आयकर लागतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केले, तोवर शर्यत जाऊन चार वर्षे लोटली होती.

फोर्स इंडिया संघाने २००९ मध्ये बेल्जियममध्ये पोल पोझिशन आणि दुसरा क्रमांक मिळवला, २०१६ व २०१७ मध्ये संघांत चौथे स्थान पटकावले. २०१८ मध्ये तो आर्थिक डबघाईला आला, विकला गेला आणि आता अ‍ॅस्टन मार्टिन या नावाने धावतो. मुंबईस्थित महिंद्र समूहाचा संघ २०१४ पासून विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या फॉर्म्युला ई स्पर्धेत टिकून आहे. २०१७ मध्ये बर्लिनला त्याने पहिला विजयही मिळवला. मात्र ११ फेब्रुवारी २०२३ रोजी हैदराबादेत झालेली या स्पर्धेची भारतातील शर्यत राज्यात सत्तांतर होताच पुढच्या वर्षी रद्द झाली. सप्टेंबर २०२३ मधील मोटोजीपी शर्यतीचीही दुसरी आवृत्ती २०२४ मध्ये होऊ शकली नाही.

मुंबईच्या जेहान दारुवालाची वाटचाल या संदर्भात बोलकी आहे. २०११ मध्ये फोर्स इंडियाच्या शोधमोहिमेतून तो पुढे आला, रेड बुलच्या युवा पथकात निवडला गेला, फॉर्म्युला टूमध्ये शर्यती जिंकला. त्यानंतरची पायरी मात्र त्याला मिळाली नाही. २०२५ पर्यंत फॉर्म्युला वनमध्ये चालकांच्या जागा वीसच होत्या आणि त्या मिळवायला वेगाइतकेच पाठबळ लागते. घरचा संघ बंद पडल्याची किंमत अशी एखाद्या गुणी मुलाच्या कारकीर्दीत मोजावी लागते.

परिणामी, भारतीय चाहता फेरारी, मर्सिडिज, रेड बुल किंवा मॅक्लारेन यांपैकी एकाचा झेंडा खांद्यावर घेतो. त्यात गैर काही नाही. पण ज्या संघाच्या कारखान्याशी, गावाशी किंवा चालकाशी आपला प्रत्यक्ष संबंध नाही, त्याच्यासाठीचे भांडण फक्त मोबाइलच्या पडद्यावर होते. समोर माणूस नसला की शब्दांना लगाम राहत नाही. मैदानावर शेजारी बसलेला प्रतिस्पर्धी संघाचा चाहता शर्यतीनंतर आपल्याच रांगेत उभा असतो; पडद्यावर तो नुसते नाव असतो.

येणाऱ्या वर्षांसाठी

२०२६ पासून फॉर्म्युला वनमध्ये इंजिन आणि गाडीच्या रचनेची नवी नियमावली आली आहे. कॅडिलॅकच्या रूपाने अकरावा संघ दाखल झाला असून ऑडीनेही सॉबरच्या जागी प्रवेश केला आहे. आजवरचा अनुभव पाहता या नियमांतूनही कोणत्या तरी एका संघाची सद्दी उभी राहण्याची शक्यता आहे आणि तेव्हा नियम बदलण्याची ओरडही होईल. चांगले काम करणाऱ्याला शिक्षा करणारा उपाय या खेळाने यापूर्वी वापरून पाहिला; त्यापेक्षा सर्वांच्या खर्चाची मोजणी काटेकोर ठेवणे आणि पंचांचे निर्णय कारणांसह तात्काळ जाहीर करणे अधिक उपयोगी ठरेल.

भारतापुरते बोलायचे तर भव्य सर्किटच्या आधी करांविषयीचे आणि परवानगीचे धोरण स्पष्ट व्हायला हवे. सरकार बदलले की शर्यत रद्द आणि करार झाल्यावर कराचा वाद, या पद्धतीने कोणताही आयोजक दुसऱ्यांदा येत नाही. नियम आधी ठरवावेत आणि मध्येच बदलू नयेत, ही चाहत्याची शर्यत संचालकांकडून असलेली अपेक्षा राज्यकर्त्यांनाही तितकीच लागू आहे. ती पूर्ण झाली तर घरच्या मैदानावर हरणाऱ्या एखाद्या भारतीय संघासाठीही रविवारी सायंकाळी गर्दी जमेल.